महिनाभर मशीन लावलं तरी ठोके चुकतायतच, मग ठेवायचं का परत द्यायचं?

या वेळी घोरणं, झोपेत श्वास अडकणं आणि हृदयाचे ठोके याच विषयावर इतकी पत्रं आलीत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ. नावं कुणाचीच छापत नाहीये. एका ताईंनी तसं स्पष्ट लिहिलंय आणि बाकीच्यांनाही तेच बरं वाटेल असं मला वाटतं.

प्रश्न: डॉक्टरसाहेब, सादर नमस्कार. आम्ही इंदूरला राजेंद्र नगरात राहतो. आमच्या यांचं वय 66, बँकेतून रिटायर झालेत, बीपीची गोळी बरीच वर्षं सुरू आहे, शुगर बॉर्डरवर. गेल्या दिवाळीनंतर एकदम छातीत धडधड होऊन घाम फुटला म्हणून दवाखान्यात नेलं तर ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन निघालं, येतं-जातं अशा प्रकारचं आहे म्हणाले. मेटोप्रोलॉल आणि रक्त पातळ करायची अ‍ॅपिक्साबान सुरू केली. घोरणं तर इतकं की मुलगी माहेरी आली की नातवाला घेऊन हॉलमध्येच झोपते. मग झोपेची तपासणी म्हणजे स्लीप स्टडी झाली, तासाला श्वास अडकण्याचा आकडा 38 आला. सीपॅप मशीन, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं, महिनाभर भाड्याने घ्या, ठोक्यांवर काय फरक पडतो ते बघू असं सांगितलं. आता महिना झाला, घोरणं थांबलंय पण धडधड या महिन्यातही दोनदा झाली, एकदा तर चार तास राहिली. भाऊजी म्हणतात त्यांनी नेटवर वाचलं, परदेशात पाच-पाच महिने मशीन लावून बघितलं तरी ठोक्यांना काही फायदा झाला नाही, मग कशाला पैसे घालवता. हे पण कंटाळलेत. मशीन परत करू का? आणि झोप सुधारली म्हणून ती रक्ताची गोळी तरी बंद करता येईल का? दाढी करताना जरा कापलं तरी रक्त लवकर थांबत नाही, भीती वाटते. मशीनच्या कार्डचा रिपोर्ट सोबत पाठवतेय.

उत्तर: ताई, तुमचा दुसरा प्रश्न मी आधी घेतो कारण त्यात एक दिवसही इकडेतिकडे व्हायला नको. रक्ताची गोळी बंद करू नका. झोप सुधारली म्हणून नाही, धडधड थांबली म्हणूनही नाही. एएफमध्ये, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, मग डाव्या कप्प्याच्या कोपऱ्यात एक छोटी पिशवी असते तिथे रक्त साचून गुठळी होते आणि ती सुटून मेंदूत गेली की लकवा. एएफ असणाऱ्याला हा धोका साधारण पाचपट असतो असं अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासात 1991 सालीच दिसलं होतं. गोळी कुणाला द्यायची याचा हृदयाचे डॉक्टर मार्क देऊन हिशोब करतात, 65 च्या वर वय म्हणजे एक मार्क, बीपी म्हणजे एक, डायबिटीस असेल तर आणखी एक. पुरुषाचे दोन झाले की गोळी द्यायचीच असं गाइडलाइन सांगते, आणि तुमच्या यांचे दोन तर झालेच आहेत, शुगर आज बॉर्डरवर आहे, उद्या पलीकडे गेली तर तीन. या हिशोबात झोपेचं मशीन लावलं म्हणून मार्क कमी होत नाहीत. उलट ही गोळी मनाने मधेच सोडली तर गुठळीचा धोका वाढतो, त्यामुळे स्ट्रिप संपायच्या आधी दुसरी आणून ठेवत जा. दाढीसाठी इलेक्ट्रिक ट्रिमर घ्या आणि कापलंच तर स्वच्छ कपडा पाच-दहा मिनिटं न उचलता दाबून धरा, लोक दर अर्ध्या मिनिटाला उचलून बघतात म्हणून ते थांबत नाही. काळं शौच, लघवीत रक्त, डोक्यावर आपटणं यातलं काही झालं तर मात्र घरी थांबू नका.

आता भाऊजींचं. त्यांनी वाचलंय ते खरं आहे आणि मला बरं वाटलं की त्यांनी खोलात जाऊन वाचलं. 2021 साली नॉर्वेतल्या डॉक्टरांनी हा अभ्यास छापला, येत-जात एएफ असणारे आणि सोबत मध्यम किंवा जास्त प्रमाणात झोपेत श्वास अडकण्याचा आजार म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया असणारे साधारण शंभरेक लोक घेतले, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, एका गटाला सीपॅप दिलं, दुसऱ्याला नाही, आणि सगळ्यांच्या छातीच्या कातडीखाली ठोके मोजणारं छोटं यंत्र बसवलं, म्हणजे कुणाला धडधड जाणवो न जाणवो एकूण एक ठोका नोंदला गेला. पाच महिन्यांनी बघितलं तर एएफमध्ये जाणारा वेळ दोन्ही गटांत जवळजवळ सारखाच.

मग तुमच्या डॉक्टरांनी मशीन का सांगितलं? त्याच्या आधीचे जे अभ्यास होते त्यांनी आम्हा सगळ्यांनाच फार आशा लावली होती. 2003 साली मेयो क्लिनिकचा एक अभ्यास आला, एएफ असलेल्या लोकांना शॉक देऊन ठोके ताळ्यावर आणले आणि वर्षभर बघितलं, तर ज्यांचा स्लीप अ‍ॅप्निया तसाच सोडला होता त्यांच्यात 82 टक्क्यांना एएफ परत आला आणि मशीन वापरणाऱ्यांत 42 टक्क्यांना. आकडे बघून कुणाचेही डोळे विस्फारतील, पण मशीन वापरणारे त्यात जेमतेम 12 जण होते आणि कुणी मशीन वापरायचं हे चिठ्ठीने ठरलेलं नव्हतं. जो माणूस रोज रात्री न चुकता मास्क लावतो तो बहुतेक बीपीची गोळीही वेळेवर घेतो, दारू बेताने घेतो, फॉलोअपला येतो, मग फायदा नेमका कशाचा झाला ते वेगळं काढता येत नाही. चिठ्ठीने गट पाडले की हे सगळं दोन्हीकडे सारखं वाटलं जातं म्हणून नॉर्वेच्या अभ्यासाला जास्त वजन आहे, आणि माझंही मत आज त्याच बाजूला आहे की नुसत्या ठोक्यांसाठी थोड्या दिवसांचं सीपॅप, मग तो एक महिना असो की पाच, याच्यावर फार भरवसा ठेवू नये.

पण याचा अर्थ झोपेतल्या श्वासाचा आणि ठोक्यांचा संबंधच नाही असा कृपा करून घेऊ नका. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि जाडसर मान असलेल्या माणसात तर घसा ओल्या कागदी स्ट्रॉसारखा आतल्या आत चिकटतो. छाती मात्र जोर लावतच असते. हवा आत जात नाही आणि छाती ओढतेय, त्यामुळे छातीच्या पोकळीत जबरदस्त खेच तयार होते, ती हृदयाच्या पातळ भिंतीच्या वरच्या कप्प्यांना ताणते. तेवढ्यात ऑक्सिजन 95 वरून 80 च्या खाली येतो, मेंदू घाबरून जागा होतो, अ‍ॅड्रेनलिन सुटतं, बीपी उसळतं, एक मोठा घुर्र आवाज होऊन श्वास सुरू होतो, आणि दोन मिनिटांत परत तेच. तुमच्या यांचा आकडा 38 म्हणजे तासाला 38 वेळा श्वास थांबला किंवा बराच उथळ झाला, प्रत्येक वेळी दहा सेकंद किंवा जास्त. 5 च्या आत नॉर्मल, 30 च्या वर तीव्र. असं रोज रात्री, वर्षानुवर्षं चाललं की वरचे कप्पे मोठे होतात, त्यांच्या भिंतीत चट्टे पडतात आणि त्या चट्ट्यांतून विजेचा संदेश भरकटतो. हे व्हायला पंधरा-वीस वर्षं लागलेली असतात. मास्कने आज रात्रीची खेच थांबते, ऑक्सिजन पडायचा थांबतो, पण जे चट्टे पडलेत ते महिनाभरात कसे भरून येणार? त्यामुळे महिन्याने धडधड तशीच आहे याचं मला आश्चर्य वाटत नाही, आणि म्हणून मशीन नापास असंही मी म्हणणार नाही.

आता तुम्ही पाठवलेला रिपोर्ट. सगळ्यात जास्त मला त्यातून कळलं, आणि माझी विनंती आहे की ज्यांच्या घरी हे मशीन आहे त्यांनी ते कार्ड महिन्यातून एकदा तरी कुणाकडून वाचून घ्यावं. तुमच्या यांच्या रिपोर्टात मशीनवर असताना उरलेला आकडा 4 च्या आसपास आहे, म्हणजे प्रेशर बरोबर बसलंय. पण वापराचे तास बघा, सरासरी साडेतीन. रोजच्या पट्टीचा जो आलेख आहे ना, त्यात रेघ रात्री 11 ला सुरू होते आणि अडीच-पावणेतीनला संपते, त्यानंतर सकाळपर्यंत पान कोरं. म्हणजे हे लघवीला उठतात, मास्क काढतात आणि परत लावतच नाहीत, बरोबर ना? आणि तो 4 चा आकडा फक्त मास्क चेहऱ्यावर असतानाचा आहे, कोऱ्या तासांत तो परत 38 च असणार. किंबहुना जास्तच, कारण स्वप्नांची झोप बहुतांशी पहाटेच्या भागात येते आणि त्या झोपेत स्नायू सगळ्यात सैल पडतात, बहुतेकांचा श्वास सर्वात जास्त वेळ तेव्हाच अडकतो. सगळ्यात वाईट वेळेलाच मास्क उशीशेजारी पडलेला असतो.

ही नुसती तुमच्या घरची गोष्ट नाही. 2016 साली सेव्ह नावाचा मोठा अभ्यास आला, आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले 2717 लोक, साडेतीन वर्षांहून जास्त काळ बघितले, हार्ट अटॅक-लकवा यांत मशीनने फरक पडला नाही असं निघालं, पण सरासरी वापर किती होता तर रात्रीला 3.3 तास. म्हणजे रात्रीच्या निम्म्याहून जास्त वेळ उपचाराशिवाय गेला. त्याच अभ्यासात घोरणं, दिवसाची झोप, मूड हे मात्र सुधारलं.

तर माझं सांगणं असं की परत करायच्या आधी मशीनला एक धड संधी द्या. लघवीला उठलं की अख्खा मास्क काढायचा नाही, नाकाजवळ जिथे नळी जोडलेली असते तिथूनच ती सुटते, मास्क तोंडावर ठेवूनच जाऊन यायचं आणि नळी परत जोडायची. रिपोर्टात हवा गळायचा आकडाही जास्त दिसतोय, यांना मिशा आहेत का? मिशांवर गादीचा मास्क नीट टेकत नाही, बाजूने हवा डोळ्यात जाते आणि माणूस झोपेत ओरबाडून काढतो. नाकपुड्यांत बसणारा छोटा पिलो मास्क मागून बघा, भाड्याने देणारे ट्रायलला देतात. पट्टे घट्ट आवळू नका, आवळल्याने जास्त गळतं. सुरुवातीला प्रेशरने गुदमरल्यासारखं होत असेल तर रॅम्पचं बटण असतं, त्याने प्रेशर 4 पासून हळूहळू वर चढतं. आणि एक चांगली बातमी, रात्री लघवीला उठणं हे वयामुळे किंवा प्रोस्टेटमुळेच असतं असं नाही, श्वास अडकताना वरचा कप्पा ताणला की हृदयच एक हार्मोन सोडतं आणि किडनी जास्त लघवी बनवते, त्यामुळे रात्रभर मास्क राहिला की पुष्कळांचं उठणं कमी होतं.

मशीनचा हिशोब तुम्ही धडधडीवर करू नका. यांना सकाळी डोकं जड वाटतं का, दुपारी पेपर वाचता वाचता डुलकी लागते का, गाडी चालवताना डोळे मिटतात का, सकाळचं बीपी किती, हे लिहून ठेवा. बीपी सरासरी दोन-तीन अंकांनीच उतरतं, पण ज्यांचं तीन-तीन गोळ्यांनी पण आटोक्यात नाही त्यांचं जास्त उतरू शकतं. 38 आकडा असलेल्या माणसाला झोपेसाठी, बीपीसाठी, गाडीवर डुलकी लागू नये म्हणून मशीन हवंच आहे, एएफ नसता तरी हवं होतं.

आणि ठोक्यांसाठी? तिथे वजन, बीपी आणि दारू या तीन गोष्टींनी मशीनपेक्षा जास्त काम होतं असं मला वाटतं. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला एएफ असलेल्या जाड लोकांना काही वर्षं बघितलं होतं, 2015 साली ते छापून आलं, ज्यांनी 10 टक्के किंवा जास्त वजन उतरवलं त्यांच्यात ठोके ताळ्यावर राहायची शक्यता बाकीच्यांच्या सहापट होती, आणि ज्यांचं वजन वर-खाली होत राहिलं त्यांचा फायदा बराचसा निघून गेला. हा पण चिठ्ठीचा अभ्यास नव्हता, पण 2020 साली ऑस्ट्रेलियातच दारूवर चिठ्ठी टाकून अभ्यास झाला, त्यात नियमित पिणाऱ्यांनी सोडली तर एएफ परत यायचं प्रमाण कमी झालं. तुम्ही पत्रात वजन लिहिलं नाही, पण 90 किलोचा माणूस 81 वर यायचा म्हणजे घाई नको, वर्ष द्या. रात्री दहाला सराफ्यात जाऊन भुट्ट्याचं कीस आणि गराडू खाऊन बाराला आडवं व्हायचं हे मात्र यांच्यासाठी बंद. इंदूरकराला हे सांगताना मला वाईट वाटतं पण सांगायला हवं. सकाळचे पोहे खुशाल खा, वरची शेव कमी.

चार तास धडधड राहिली तेव्हा तुम्ही ईसीजी काढला का? नसेल तर पुढच्या वेळी काढा, आणि सोबत चक्कर, दम, छातीत दुखणं, बोलताना जीभ अडखळणं असलं तर सरळ इमर्जन्सीत. असे झटके वाढत असतील तर हृदयाच्या डॉक्टरांशी औषध बदलणं किंवा ठोके बिघडवणारा भाग नळी घालून निकामी करणारं अ‍ॅब्लेशन याबद्दल मोकळेपणाने बोला, मशीनचा महिना पुरा होऊ दे मग बघू असं म्हणून ते लांबवू नका. मशीन चालू राहील, ठोक्यांचा इलाज आपला वेगळा चालू राहील.

प्रश्न: माझे बाबा 72 वर्षांचे, आम्ही रामबागेत राहतो. स्लीप स्टडीत तीव्र अ‍ॅप्निया आला पण ते मशीनला हातच लावू देत नाहीत. 2021 मध्ये काकांना असाच मास्क लावला होता आणि काका परत आले नाहीत. बाबा म्हणतात हे मशीन लागलं म्हणजे माणूस गेला. काय करू?

उत्तर: दादा, तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ थांबलो. कोरोनाच्या त्या एप्रिल-मे मध्ये आपल्या शहरातल्या कितीतरी घरांनी आपल्या माणसाचा शेवटचा चेहरा मोबाइलच्या स्क्रीनवर मास्कमागे बघितलाय. बाबांची भीती अगदी खरी आहे, तिच्यावर हसू नका आणि दटावूही नका.

फरक मात्र त्यांना शांतपणे समजावा. काकांना मास्क लावला तेव्हा फुफ्फुसांत ऑक्सिजन घ्यायची ताकदच उरली नव्हती, म्हणून खूप जास्त ऑक्सिजन दाबाने दिला जात होता. बाबांची फुफ्फुसं चांगली आहेत, त्यांचा फक्त घसा झोपेत मिटतो. घरच्या सीपॅपमध्ये ना सिलेंडर असतो ना ऑक्सिजन, खोलीतलीच हवा गाळून थोड्या दाबाने नाकातून येते आणि घसा उघडा राहतो, बस. हे 1981 साली सिडनीत कॉलिन सुलिव्हन नावाच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा करून दाखवलं, हिंडत्या-फिरत्या माणसांसाठीच, आणि आज जगभर लाखो लोक रात्री लावून सकाळी कामाला जातात.

पहिल्या रात्री लावायचा हट्ट करू नका. दिवसा, टीव्हीसमोर बसून, नुसता मास्क हातात धरून नाकाला लावू द्या, पट्टे नकोत, मशीन बंद. दोन-चार दिवसांनी चालू करून पाच मिनिटं. मग दुपारच्या आडवं होण्याला. काढायचा असेल तेव्हा स्वतःच्या हाताने एका झटक्यात निघतो हे त्यांना करून बघू द्या, हॉस्पिटलमध्ये काकांना ते करता येत नव्हतं, तो फरक हाताला कळू दे. तुमच्या ओळखीत कुणी वापरणारं असेल तर त्यांना एकदा चहाला बोलवा, डॉक्टरने दहा वेळा सांगण्यापेक्षा त्याचा उपयोग होईल. वीज गेली तर गुदमरेन असंही त्यांना वाटत असेल, मास्कला बारीक भोकं असतात, मशीन बंद पडलं की माणसाला जाग येते आणि तो काढून टाकतो, तरी इन्व्हर्टरवर जोडलेलं बरं.

प्रश्न: आई 70 ची, अगदी सडपातळ, घोरत नाही, पण एएफ आहे आणि हृदयाचं पंपिंग 30 टक्के. रात्री तिचा श्वास थांबतो, मग जोरजोरात चालतो, मग परत थांबतो. जाड नसताना स्लीप अ‍ॅप्निया होतो का? ओळखीच्यांकडे एक महागडं मशीन पडून आहे, प्रेशर आपोआप कमी-जास्त करतं म्हणे, ते लावू का?

उत्तर: ते मशीन तुमच्या मनाने मुळीच लावू नका. तुम्ही वर्णन करताय तो प्रकार वेगळा असू शकतो, त्यात घसा मिटत नाही, मेंदूकडूनच श्वासाचा हुकूम काही क्षण येत नाही, आणि कमजोर हृदयात तो दिसतो. त्यात घोरणं सहसा नसतं. प्रत्येक श्वासाला आधार देणारं एएसव्ही नावाचं मशीन असतं, 2015 साली सर्व्ह-एचएफ या अभ्यासात असं निघालं की पंपिंग 45 टक्के किंवा कमी असलेल्या आणि मुख्यतः हाच प्रकार असलेल्या लोकांत त्या मशीनने हृदयामुळे होणारे मृत्यू वाढले. ओळखीच्यांचं मशीन नेमकं कुठलं आहे ते बघितल्याशिवाय कळणार नाही, आणि कळलं तरी आईला सेंटरमध्ये रात्रभराची पूर्ण स्लीप स्टडी हवी, घरी बोटाला लावायची नाही. आधी हृदयाच्या डॉक्टरांकडून पंपिंगची औषधं पूर्ण मात्रेत आहेत का ते बघा, नुसतं ते सुधारलं तरी हा श्वास पुष्कळदा सुधारतो. आणि बाकीच्यांसाठी सांगतो, सडपातळ बायकांनाही, विशेषतः पाळी गेल्यानंतर, घसा मिटणारा नेहमीचा अ‍ॅप्निया होतो, त्या घोरण्यापेक्षा झोप लागत नाही, सकाळी डोकं दुखतं, सारखा थकवा असतो असं सांगतात आणि वर्षानुवर्षं त्यांना टेन्शनची गोळी मिळत राहते.

प्रश्न: शंख वाजवल्याने घोरणं जातं अशी बातमी वाचली. आमच्याकडे देवघरात रोज आरतीला शंख असतोच. मग मशीन कशाला?

उत्तर: बातमी खरी आहे. जयपूरच्या डॉक्टरांनी 2025 साली हा अभ्यास छापला, मध्यम स्लीप अ‍ॅप्निया असलेले 30 जण, काहींना शंख शिकवला आणि काहींना नुसता दीर्घ श्वास, सहा महिने. शंखवाल्यांची दिवसाची झोप कमी झाली आणि तासाचा आकडा दीर्घ श्वासवाल्यांपेक्षा चार-पाचने कमी राहिला. घशाचे आणि टाळूचे स्नायू कमावले जातात हे पटण्यासारखं आहे आणि आपल्या घरातली गोष्ट कुणीतरी नीट मोजून बघितली याचा मला फार आनंद झाला. पण ते आरतीला एकदा फुंकणं नव्हतं, रोज निदान 15 मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. आणि 18 वरून 13 वर आलात तर छानच, 38 वरून 33 वर आलात तरी तीव्रच. एएफवर काय होतं हे त्यात बघितलेलं नव्हतं. तर शंख जरूर वाजवा, रात्री मास्क लावा. ज्यांचं बीपी खूप वाढलेलं आहे, हर्निया आहे किंवा नुकतं डोळ्याचं ऑपरेशन झालंय त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारून.

प्रश्न: लग्नासाठी दहा दिवस पुण्याला जायचंय. तेवढे दिवस मशीन नाही नेलं तर चालेल का?

उत्तर: न्या. मशीनचा परिणाम साठून राहत नाही, बंद केल्यावर पहिल्या दोन-चार रात्रींतच श्वास पूर्वीसारखा अडकायला लागतो. लग्नात जागरण, जड जेवण, कुणाकुणाचा ग्लास, हे सगळं एकदम येतं आणि एएफवाल्यांना झटका यायलाही तेवढं पुरतं. मशीन छोट्या बॅगेत मावतं, विमानात हातातल्या सामानात नेता येतं. ट्रेनच्या चार्जिंग पॉइंटवर ते चालेल असं धरू नका, त्या एका रात्री कुशीवर झोपा, डोक्याखाली जास्तीची उशी घ्या, झोपेची गोळी घेऊ नका. कार्यालयात गादीशेजारी प्लग असलेली खोली यजमानांना आधीच मागून ठेवा, संकोच करू नका.

प्रश्न: जुनं मशीन अर्ध्या किमतीत मिळतंय, घेऊ का?

उत्तर: घेण्याआधी मॉडेल आणि सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघा. जून 2021 मध्ये फिलिप्सने आपली लाखो मशीन परत बोलावली होती, कारण आतला आवाज दाबणारा फोम खराब होऊन त्याचे कण श्वासात जायची भीती होती, त्यातली काही अजूनही हातोहात विकली जात असतील. किती तास चाललंय ते स्क्रीनवर दिसतं. मास्क, नळी, फिल्टर नवेच घ्या, दुसऱ्याचा मास्क धुऊन वापरू नका. प्रेशर तुमच्या रिपोर्टप्रमाणे सेट करून मगच लावायचं, आधीच्या मालकाचं नाही.

प्रश्न: ह्युमिडिफायरमध्ये नर्मदेचं पाणी उकळून टाकलं तर चालतं का? थंडीत नाक फार कोरडं पडतं.

उत्तर: उकळल्याने जंतू मरतात पण क्षार जात नाहीत, तळाला पांढरा थर बसतो. मेडिकलमध्ये किंवा बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर मिळतं, मेडिकलमधलं घ्या. उरलेलं पाणी रोज सकाळी फेकायचं, टाकी साबणाने धुऊन उलटी वाळत ठेवायची. डिसेंबर-जानेवारीत ह्युमिडिटीचा आकडा एक-दोनने वाढवा, आणि तरी नाक बंद होत असेल तर झोपायच्या आधी नुसत्या सलाइनचे थेंब.